तपासणी बंद होती ती सकाळ

माणिक वैरागडे मूळची हिंगणघाटची. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, लग्न झालं आणि भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये येऊन पडली. नवरा विष्णु तिथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, शिफ्ट ड्यूटीवर. दिवसभर घरी जीव रमेना, म्हणून ती दुर्गला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली आणि वर्षभरात तिथेच शिकवूही लागली. चौऱ्याण्णव साली भिलाईतल्याच सुपेल्याजवळच्या एका खाजगी रुग्णालयानं कॉम्प्युटर बसवले, तेव्हा ते सांभाळायला तिलाच बोलावणं आलं.

नुसती बिलं काढायचे कॉम्प्युटर नव्हते ते. डॉक्टरांनी वॉर्डातल्या टर्मिनलवर औषध लिहिलं की ते पॅथॉलॉजीशेजारच्या खोलीतल्या सर्व्हरकडे जायचं. सर्व्हर त्या पेशंटचं वय, वजन, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेली बाकीची औषधं पाहायचा, आणि काही जुळत नसेल तर पडद्यावर सूचना द्यायचा. औषध लिहून झाल्यावर एखादा रिपोर्ट आला, तरी तो पुन्हा तपासायचा. कंपनीचा माणूस येऊन सगळं बसवून गेला. पुढचं जुळवणं माणिककडे.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर मंडळी वैतागली. साध्या तापाच्या गोळीलाही टर्मिनल टुंग करायचं. मोठे डॉक्टर म्हणजे पाटणकर, नागपूरचे. ते तिच्या खोलीत आले.

"माणिकताई, बंद करा हे. दर पेशंटमागं दहा सूचना. कोणी वाचून नाही राहिलं आता."

"सर, बंद नका करू. कोणत्या सूचनेनं तुमाले थांबवायचं आणि कोणत्या नुसत्या बाजूले दाखवायच्या, ते तुमी सांगा. मी तसं बसवून देते."

पाटणकरांना हे पटलं. दोन दुपारी ते तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. चहा यायचा, गार व्हायचा. किडनी, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं, लहान मुलांचे डोस, यांच्या सूचना ठळक ठेवायच्या, बाकीच्या गप्प. माणिकनं सर्व्हरमध्ये तसे बदल केले, आणि ते लागू व्हावेत म्हणून संध्याकाळी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. वॉर्डातले पडदे उजळले, पेशंटांची नावं दिसली. ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला कुठेच टुंग झालं नाही. पाटणकर जाता जाता दारातून म्हणाले, "वा! आज कुठं शांत वाटून राहिलं."

माणिकला आधी बरं वाटलं. मग तिच्या मनात आलं, इतकं शांत? गप्प केल्या होत्या त्या किरकोळ सूचना. पण इतक्या पेशंटांमध्ये एकही ठळक सूचना निघू नये? तिनं खोट्या नावाचा एक पेशंट तयार केला, त्याला किडनी खराब असल्याचा रिपोर्ट दिला आणि किडनीला घातक असं जेन्टामायसिनचं इंजेक्शन लिहिलं. पडद्यानं निमूटपणे ते घेतलं. तिनं पुन्हा लिहिलं. तेच.

सर्व्हरवर काय काय चालू आहे ते तिनं पाहिलं. औषधं तपासणारा प्रोग्राम चालूच नव्हता. काल सगळं पुन्हा सुरू होताना तो पेशंटच्या नोंदींच्या प्रोग्रामआधी उठला होता, नोंदी सापडेनात म्हणून बंद पडला होता, आणि टर्मिनलला त्याचा पत्ताच नव्हता. उत्तर आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं टर्मिनल धरून चाललं होतं. कालच एक खोटा पेशंट घालून पाहिला असता तर!

ती तडक पाटणकरांच्या ओपीडीत गेली. समोरच्या पेशंटला बाहेर थांबायला सांगावं लागलं.

"सर, काल संध्याकाळपासून एकबी औषध तपासलं गेलं नाही. तपासणी बंद होती. काल चालू केल्यावर मी पाहिलंच नाही."

पाटणकरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आता चालू होते का?"

"होते. कालपासूनची सगळी औषधं पुन्हा तपासाले लावते."

"लावा. मी येतोच."

तिनं आधी नोंदी, मग तपासणी, अशा क्रमानं प्रोग्राम सुरू केले आणि कालपासूनची औषधं पुन्हा त्यातून काढली. पाटणकर मागे उभे होते. एकच ठळक सूचना आली. बाबाराव नावाचे म्हातारे, कुम्हारीहून ताप घेऊन आलेले. राउंडच्या वेळी त्यांना जेन्टामायसिन लिहिलेलं. किडनीचा रिपोर्ट त्यानंतर आलेला, आणि चांगलाच बिघडलेला.

"दिलं असंल का?" माणिकनं विचारलं.

दोघंही मेल वॉर्डाकडे धावले. माणिकच्या पायातली एक चप्पल वळणावर राहून गेली. वॉर्डात बाबारावांची खाट रिकामी! माणिकनं खाटेचा दांडा धरला.

"सिस्टर, वो कुम्हारीवाले बाबा?" पाटणकरांनी विचारलं.

तारा सिस्टर औषधांच्या ट्रॉलीशी होत्या. "एक्स-रे में गए हैं सर. बड़ी लाइन है वहाँ. आएँगे तब इंजेक्शन दूँगी."

"मत देना. दूसरा लिखता हूँ."

माणिक त्या रिकाम्या खाटेवरच बसली. तिला रडू आलं आणि हसूही. तारा सिस्टरनी पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. थोड्या वेळानं बाबाराव व्हीलचेअरवरून आले. आपल्या जागी बाई बसलेली पाहून म्हणाले, "बस बाई, बस. मले काही घाई नाही."

त्याच दिवशी माणिकनं सर्व्हरमध्ये सुरू होण्याचा क्रम पक्का केला. कंपनीला फोन लावून टर्मिनलचं वागणंही बदलून घेतलं: तपासणीकडून उत्तर आलं नाही, तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘तपासणी बंद’ असं यावं आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय औषध पुढे जाऊ नये. पाटणकर पाहायला आले. ती बोलणी खायच्या तयारीत होती.

"तुमी येऊन सांगितलं, ते बरं केलं," ते एवढंच म्हणाले. मग जाता जाता, "आणि मीबी शांततेवर खूश होऊन गेलो होतो."

संध्याकाळी विष्णु स्कूटर घेऊन बाहेर उभा होता. "चेहरा कावून असा उतरला?" त्यानं विचारलं. सुपेल्याच्या गर्दीतून जाताना तिनं मागून सगळं सांगितलं. अर्धं त्याला ट्रकच्या हॉर्नमध्ये ऐकूच आलं नाही.

"म्हातारा बरा आहे ना पण?"

"बरा आहे. जेवण मागून राहिला होता."

"मग झालं तर," विष्णु म्हणाला आणि पेरूच्या गाडीपाशी स्कूटर थांबवली. माणिकनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिथंच उभं राहून, तिखट-मीठ लावून, तिनं दोन पेरू संपवले.