वांग्याची पट्टी

सांगवीचा रामहरी पुण्याहून शेतकीत एम.एस्सी. होऊन घरी आला आणि महिन्याभरात त्याला दोन पत्रं आली. एक इंदापूरला शेतकी अधिकारी म्हणून सोमवारी हजर व्हा, असं. दुसरं दिल्लीचं. पीएच.डी.साठी जागा आहे, आठ दिवसांत कळवा. साल एकोणीसशे एकोणसाठ. मी गावच्या शाळेत मास्तर, त्याचा बालमित्र. त्यामुळे पीएच.डी. म्हणजे काय, हे त्याच्या वडिलांना, आप्पांना, समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"म्हंजी अजून शिकायचं?" आप्पा म्हणाले. "मग सायेब कवा व्हायचं?"

इंदापूरला मुलाबरोबर मिरवायला त्यांनी नवा फेटा आणून ठेवला होता. रामहरीचंही मन नोकरीकडेच झुकत होतं. आणखी तीन वर्षं पुस्तकात डोकं घालायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मला त्याचा राग येत होता. एवढी हुशारी काय मस्टरवर सह्या करायला? पण आप्पांसमोर बोलायची माझी छाती नव्हती.

त्याची आई द्वारकाबाई कॅनॉलच्या पाण्यावर वांगी पिकवायची आणि बारामतीच्या बाजारात स्वतः नेऊन विकायची. तिच्या वांग्याच्या पट्टीत, रानाच्या त्या लांबट तुकड्यात, खार फुटू लागला होता, म्हणजे मातीतलं मीठ वर येत होतं. ती चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि कुठल्या वाफ्यात खार किती, ते सांगायची. रामहरीनं आल्या आल्या सल्ला दिला, "आई, पाणी भरपूर दे. खार धुऊन खाली जाईल." पुस्तकात तसंच होतं. लेकाचा शब्द म्हणून तिनं लागोपाठ पाण्याच्या दोन पाळ्या दिल्या.

शनिवारी सकाळी पाहतो तर सगळी पट्टी पीठ सांडल्यासारखी पांढरी. वांगी माना टाकून उभी. "एमेस्सीनं वांगी खारवली!" असं गावभर झालं आणि हसणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू?

रामहरीचं तोंड एवढंसं झालं. द्वारकाबाई मात्र वाफ्यात बसली आणि तिनं माती जिभेवर ठेवली.

"पानी दिलं त्या दिशी ही माती सपक लागत व्हती," ती म्हणाली. "आता पैल्यापरीस खारट हाय. वरनं तर कुणी काय टाकलं न्हाय. म्हंजी खालनंच आलं."

 रामहरीनं कुदळ घेतली आणि खणायला लागला. कमरेइतका खड्डा झाला आणि तळाशी पाणी पाझरलं.

"मास्तर, पानी!" तो ओरडला. पुण्यात कमावलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठं पळाली. "पानी हितंच तुंबलंय! मग खार खाली जानार कुठं? आन ह्ये पानी काढायचं कसं? चर किती खोल घ्यायचा? मला म्हाईत न्हाय! ह्यातलं कायबी म्हाईत न्हाय!"

एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झालेला माणूस चिखलात उभा राहून, आपल्याला काही येत नाही म्हणून नाचत होता. इतक्या आनंदानं स्वतःला अडाणी म्हणवून घेणारा मी दुसरा पाहिला नाही. 

खड्ड्यातून वर येत तो म्हणाला, "आई, मी दिल्लीला जातो. ह्येच शोधायला."

आप्पा बांधावर उभे होते. ते घराकडे वळले.

"किती वर्सं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"तीन."

"मग ही पट्टी अशीच ठिवते. कुनाला हात लावू देनार न्हाय. पर येताना उत्तर घिऊन ये."

त्या पट्टीवर तिचा दर आठवड्याचा बाजारखर्च निघायचा. रामहरीला ते माहीत होतं. त्यानं चिखलाच्या हातांनी तिचे पाय धरले आणि डोळे पुसत उठला. "मास्तर, सायकल काढ. बारामतीला जाऊन तार करू."

आम्ही घरापाशी आलो तर आतून आवाज आला, "थांबा रं, गाडी जुपतो. मी बी येतो."

आप्पा बाहेर आले. डोक्याला नवा फेटा होता.