तिसऱ्या दिवसाची टोपली

महाडच्या शाळेत मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होतो. पोलादपूरचा गाडीवान दारात येऊन म्हणाला, "मास्तर, तुमची अक्का गेली." मी आणि पत्नी तसेच त्याच्या गाडीत बसलो. त्याला आता पाच आठवडे झाले. पण अक्का आठवली की डोळे भरण्याआधी छातीत धडधडतं, ते दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या तीन दिवसांमुळे...

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नाही, म्हणून सासरी तिला मारत. आमच्याकडे अशा बाईला बियाण्याला हात लावू देत नाहीत. एकदा तिचा हात लागला, ते भात कुजलं आणि नवऱ्याने तिला बैलाच्या चाबकाने फोडून काढलं. ती उमरठजवळच्या आमच्या वाडीत निघून आली, तेव्हा मी सुट्टीला घरी होतो. थोरला दादा वाईट नव्हता. पण म्हणाला, "चार दिस ऱ्हा गो. रविवारी दाजी येतील न्यायला."

पेरणी तोंडावर आली होती. भात भिजवून, मोड यायला टोपलीत पानांखाली, वर दगड ठेवून तीन दिवस दाबून ठेवायचं, हे घरच्या बाईचं काम. आणि वहिनी नेमकी बाळंतीण. खोलीतूनच ती म्हणाली, "वन्सं, तुमीच भिजवा. मी उठेपातूर भात थांबायचं नाय."

"कुजलं तर बोल लावू नको, दादा," अक्का म्हणाली.

"कुजलं तर दाजींसंगं जायचं." दादा हसत म्हणाला, पण दुसरं कुणी हसलं नाही.

ते तीन दिवस माझ्या हातात पुस्तक टिकेना. सारखा उठून टोपलीला हात लावायचो. "अक्का, गरम लागतंय."

"हात काढ. अंडी उबवतोयस काय?"

रविवारी सकाळी तिने दगड उचलला, पानं सारली... दाण्यादाण्याला पांढरा मोड! अक्काने ते दाणे ओंजळीत उचलले आणि मी अंगणात वेड्यासारखा धावत सुटलो. दुपारी दाजी आले. दादाने ती टोपली उंबऱ्यावर ठेवली. "ती येनार नाय. पानी प्या नि जावा."

संध्याकाळी अक्काने विचारलं, "नसतं रुजलं, तर धाडली असतीस मला?"

दादा उठून गोठ्यात गेला.

पुढे सगळी वाडी तिच्याच हातून बियाणं भिजवून नेऊ लागली. ती सुखात राहिली, खळखळून हसायची. पण तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही, आणि दादानेही उत्तर दिलं नाही.

परवा आम्ही पेरणीसाठी पुन्हा वाडीवर आलो. बियाण्याचं भात अक्का पेंढ्यात बांधून आढ्याला टांगायची. तिच्या हातचा तो शेवटचा मुडा दादाने काढला आणि माझ्या पत्नीपुढे ठेवला. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली, पाळणा हललेला नाही. तिने हात मागे घेतला.

"भिजव तू," दादा म्हणाला. "नाय रुजलं तर दुसरं आनू." मग भिंतीकडे तोंड करून, हळूच, "एवढं मला तवा बोलता नाय आलं..."

तिने भात भिजवलं, त्याला आज दुसरा दिवस. हे लिहिताना मी चारदा उठलो. आताही टोपलीला हात लावून पाहतो आहे, आणि चुलीपाशी बसलेली पत्नी म्हणते आहे, "हात काढा बघू."