शेजारच्या मामांची चौकट

दौंडच्या आमच्या सरकारी वसाहतीत शेजारच्या मामांइतका उंच माणूस नव्हता, आणि सरकारवर इतका रागावलेला माणूस तर अख्ख्या पुणे जिल्ह्यात नसावा. मामा सरकारी जीपचे ड्रायव्हर. खोल्या सगळ्यांना सारख्याच मिळालेल्या, पण दाराची बुटकी चौकट आणि मामा यांचं पटलं नाही ते नाहीच. रोज संध्याकाळी कामावरून आले की कपाळ धाडकन चौकटीवर आपटायचं. आतून मामींची हाक यायची, “आलात व्हय?” आणि मामा कपाळ चोळत गरजायचे, “त्या इंजनेरानं बसून माप घेतलंया!” चौकट बदलून मिळावी म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज केले. अर्जांपुढं साहेब वाकले नाहीत आणि चौकटीपुढं मामा. कपाळावरचं टेंगूळ कायमचं झालं.

मामींची नजर मात्र हळूहळू पार गेली. दुष्काळी कामं निघाली त्या सुमारास त्यांना उजेड-अंधार एवढंच कळायचं. तरी त्या दोन खोल्यांत त्या आमच्यापेक्षा भराभर वावरायच्या. चुलीपासून माठ चार पावलं, माठापासून मोरी दोन. मामा रिटायर व्हायला आले, खोली सोडायची वेळ आली, तेव्हा शेजारीपाजारी एकमेकांना विचारू लागले. नव्या घरात ही बाई पाऊल कशी टाकणार?

मामा सुतळी घेऊन खोल्या मापायला लागले. भिंती मापल्या, मोरीचा कठडा मापला, खुंटीची उंचीसुद्धा मापली. इतकं आपटल्यावर डोकं फिरणारच, असं वसाहतीनं ठरवून टाकलं. गाठी मारलेली ती सुतळी घेऊन मामा आपल्या गावी, कासुर्डीला, घर बांधायला गेले.

पुढं एकदा मी त्यांच्याकडं गेलो. हुबेहूब आमचीच खोली! मामी माठातलं पाणी भरून न चाचपडता थेट माझ्यासमोर आल्या. मला फार बरं वाटलं. पण चौकटही तेवढीच बुटकी बघून मला हसू आवरेना. “मामा, निदान ही तरी उंच करायचीत!”

मामांनी टेंगूळ चोळलं, आत एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले, “आन् मग मी आलो, हे तिला कळायचं कसं?”

मला रस्त्याला लावून मामा माघारी वळले. थोड्या वेळानं मागं धाडकन आवाज झाला आणि आतून हाक आली, “आलात व्हय?”

मी एकटाच हसत चाललो होतो, आणि डोळेही पुसत होतो, खोटं कशाला सांगू.