हिरव्या रंगाचा डबा

आज दुपारी कारखान्यात ऑइल पेंटचा वास आला आणि वाळूजमधली माझी पहिली नोकरी आठवली. मंदी होती, मशिनी इतक्या शांत की बाहेरच्या कडुनिंबावरच्या साळुंक्या आत ऐकू यायच्या. पाचोडहून येणारा आमचा सगळ्यात तरबेज टर्नर काम नसल्यानं आपल्या लेथ मशीनला तिसऱ्यांदा हिरवा रंग देत होता. मी नवी इंजिनिअर, माणशी उत्पादन किती घसरलं त्याचा तक्ता घेऊन सुपरवायझरकाकांकडे गेले आणि ठसक्यात म्हणाले, "निम्मी माणसं कमी करा." टर्नरचा ब्रश थांबला. काका म्हणाले, "मॅडम, मशीन उद्या बी चालू करता येती. याला आज घरी धाडला, तर उद्या दुसरीकडं असंल. असा हात तयार व्हायला लई वर्षं लागत्यात. काम आल्यावर कुठून आणायचा?" ब्रश पुन्हा फिरू लागला. दिवाळीनंतर ऑर्डरी आल्या. तीच माणसं, त्याच लेथ, आणि माल दुपटीनं निघू लागला. तक्त्यावरची रेघ वर चढली, तर शाबासकी मला मिळाली! आता काकांच्या जागी मी आहे आणि काम पुन्हा थंडावलंय. परवा वरून कमी करायच्या माणसांची यादी मागितली. मी रंगाचे डबे मागवले.