तिसरं पाणी

डिशवॉशर घ्यायचा हट्ट माझा. सासूबाईंच्या हातांसाठी. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या तळव्यांना आणि बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. भोरच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, साबण आणि पाणी बंद, नाहीतर हे हात बरे होणार नाहीत. आत्यांनी मान डोलावली, किकवीला घरी आल्या आणि मोरीत दुपारची भांडी घासायला बसल्या. मी भोरला एका दुकानात कामाला जाते, सकाळची एसटी पकडते ती दिवेलागणीलाच परत. तोवर घरात खरकटं पडून राहिलेलं त्यांना चालत नाही. कामाला बाई लावू म्हटलं, तर म्हणाल्या, "आपलं उष्टं दुसऱ्यानं का म्हून काढायचं?" विषय संपला.

मग मशीन आलं. नवरा टेम्पोतून उतरवताना म्हणाला, "हौस तुझी, निस्तर तूच." मी निस्तरलं. लोकांना वाटतं, भांडी आत ढकलली, बटण दाबलं, झालं. कसलं काय! आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की पहिल्या दिवशी ताटं चुना लावल्यासारखी पांढरी बाहेर आली. त्याला वेगळं मीठ लागतं, घरातलं चालत नाही, हे घरातलं घालून झाल्यावर कळलं. ताटांची तोंडं आतल्या बाजूला हवीत. वाट्या पालथ्या, पण जरा तिरक्या, नाहीतर बुडाशी पाणी साचतं. आतला पाणी उडवणारा पंखा अडत नाही ना, हे आधी हाताने फिरवून बघायचं, कारण आमच्या लांब दांड्याच्या पळ्या हमखास मध्ये येतात. तळाची जाळी काढून धुवायची. आम्ही भात खाणारी माणसं, जाळीत शितं अडकली की सगळ्या भांड्यांवर वाळकी शितं चिकटून बसतात. लोखंडी तवा आणि काठवट तर लांबच ठेवायची.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे भांडी आधी धुवायची नाहीत, फक्त खरकटं झटकायचं. हे आत्यांच्या गळी उतरवताना माझा जीव मेटाकुटीला आला. "घाण तशीच कपाटात घालू व्हय?" असं त्या रोज विचारायच्या. पण एकदा हळदीने पिवळ्या पडलेल्या वाट्या चकचकीत निघाल्या आणि आत्या बघत राहिल्या. मग त्याच भांडी रचायला लागल्या. सांगायला आनंद वाटतो, भेगा मिटायला लागल्या होत्या. चहाचा कप त्या पुन्हा उजव्या हाताने धरायला लागल्या.

मग माझी जीभ नको तिथे चालली. उन्हाळ्यात बोअर आटली होती, तेव्हा मी कौतुकाने सांगितलं, "आत्या, याला पाणी किती थोडं लागतं बघा. तेच तेच पाणी आत फिरवून घासतं."

"तेच पानी?"

"शेवटी चांगलं घेतं ना."

"तू बघितलंस?"

आत्यांचं माहेर पासलीचं. तिथे भांडी ओढ्यावर घासायची. पाणी वाहतं हवं, म्हणजे उष्टं वाहून जातं. किकवीत ओढा नाही, म्हणून त्या तीन पाणी घालतात. पहिल्याने राख-साबण जातो, दुसऱ्याने वास जातो, आणि तिसरं जेवणाऱ्याच्या नावाचं. त्यांना ते मशीन अचानक कोंडलेल्या पाण्याचं डबकं वाटायला लागलं. चांगलं पाणी दाखवावं म्हणून मी मध्येच दार उघडलं. मशीन थांबलं. वेळ चुकली होती, तळाला आमटीच्या रंगाचं गढूळ पाणी होतं. आत्यांनी वाकून ते बघितलं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून यायची तेव्हा मांडणीवरची ताटं ओली असायची. मशीनमधून काढून तीन पाणी घातलेलं. भेगा पुन्हा उकलल्या, आधीपेक्षा खोल. मी आधी चिडले, मग रडले, शेवटी त्यांचे पाय धरले. "तुमच्या पाया पडते आत्या, पाण्यात हात घालू नका."

"बरं," त्या म्हणाल्या. "न्हाई घालत."

आणि त्यांनी शब्द पाळला. मांडणी कोरडी राहायला लागली. मला वाटलं, सुटलो.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मी घरीच होते. दुपारी आत्या उंबऱ्यापाशी बसून जेवत होत्या. ताट नव्हतं. डाव्या तळव्यावर भाकरी, भाकरीवर आमटी.

"ताट कुठंय?"

"नगं. त्या पान्यातलं मला गिळवत न्हाई. आन् पान्यात हात घालू नगं म्हनलीस."

मी तशीच उठले, मोरीत जाऊन त्यांचं ताट माझ्या हाताने घासलं, तीन पाणी घातलं, पुसून त्यांच्यापुढे ठेवलं.

"ह्यात खाल्ल्यावर हे कोन घासनार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"रोज दुकानातनं दमून ईशील आन् माझं उष्टं काढशील? हातपाय धड हाईत तवर न्हाई." त्या अगदी मायेने म्हणाल्या. त्या मायेपुढे काय डोकं आपटणार?

आमटी भाकरीतून झिरपून तळव्यात उतरत होती. तिखट भेगेत गेलं की त्या डोळे मिटायच्या, भाकरी दुसऱ्या हातावर घ्यायच्या आणि पुढचा घास मोडायच्या. मशीन आत चालू होतं.

आता मी आमटी घट्ट करते आणि तिखट जवळजवळ घालतच नाही. हात काही बरे होत नाहीत.