तक्रार असेल तरच बरणी उघडेल

आमच्या नणंदबाईंनी आजवर कुठलाही पदार्थ पूर्ण संपू दिलेला नाही. घरी श्रीखंड होवो, शेजारून खरवस येवो की लग्नात बुंदीचे लाडू मिळोत, त्यातला एक वाटा त्या आधी बाजूला काढतात, डबीत घालतात, डबीवर तारीख लिहितात आणि मगच बाकीच्यांना खायची परवानगी देतात. या वाट्याला त्या ‘सॅम्पल’ म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी भांडुपच्या एका औषध कंपनीत, क्वालिटी खात्यात केली. तिथे गोळ्यांच्या प्रत्येक बॅचमधली काही पाकिटं कुलपात ठेवायची पद्धत होती. बाहेरून तक्रार आली की ती उघडायची आणि दोष मालात आहे की आणखी कुठे, ते ठरवायचं. निवृत्त होताना कंपनीने त्यांना चांदीचं तबक दिलं आणि त्यांनी कंपनीची ही पद्धत घरी आणली. तबक माळ्यावर पडून आहे.

यावर हसणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. भाच्याच्या लग्नानंतर एका नातेवाइकांचा फोन आला, की तुमच्या लाडवांनी पोट बिघडलं. नणंदबाईंनी फ्रिजमधला सॅम्पलचा लाडू काढला, हुंगला, फोडून पाहिला, फोन चालू असतानाच खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी उलटा फोन करून कळवलं, “मी ठणठणीत आहे. लाडू निर्दोष. हॉलमधून बाहेर पडल्यावर काय खाल्लंत ते आठवा.” ते पाणीपुरीपर्यंत आले आणि नणंदबाईंनी फोन ठेवला. दुसरी गोष्ट सोसायटीच्या रंगाची. मुलुंडला आमची इमारत रंगवली तेव्हा नणंदबाईंनी त्याच डब्यातल्या रंगाने एक पत्र्याचा तुकडा रंगवून कपाटात ठेवला. दोन पावसाळ्यांत भिंती फिक्या पडल्या. ऊन फार हो, असं कंत्राटदार म्हणाला. त्यांनी पत्रा भिंतीला लावून दाखवला. पत्राही तितकाच फिका होता आणि त्याला ऊन काय, उजेडसुद्धा लागला नव्हता. कंत्राटदाराने रंगासाठी पुन्हा परांच्या बांधल्या.

चूक कुणाची, हे मात्र त्या कधीच विचारत नाहीत. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, सकाळी हमखास दूध उतू घालवायचा. मी रोज बोलायचे, रोज उतू जायचं. नणंदबाई एक दिवस ओट्याशी नुसत्या उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी त्याच्या फोनचा चार्जर बेडरूममधून काढून गॅसशेजारच्या प्लगला लावला. तेव्हापासून तो फोन घेऊन दुधासमोरच उभा असतो. “माणूस बदलत नाही गं,” त्या म्हणाल्या. “प्लग बदलतो.”

मी लोणची, मेतकूट आणि भाजणी करून विकते. सुरुवात सासूबाईंच्या लिंबाच्या लोणच्याने झाली, म्हणून बरण्यांवर त्यांचंच नाव आहे. प्रत्येक बॅचची एक छोटी बरणी वरच्या मजल्यावर नणंदबाईंच्या घरी, त्यांच्या कपाटात जाते. कपाटाला कुलूप आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. नियम दोन. तक्रार असेल तरच बरणी उघडायची, आणि मुदत संपून वर वर्ष झालं की टाकून द्यायची. मला पद्धतशीर कामाची आवड असल्यामुळे हे मानवलं, आणि उपयोगही झाला. घाटकोपरच्या दुकानदाराने मेतकुटाला विचित्र वास येतो म्हणून माल परत पाठवला, तेव्हा सॅम्पल उघडलं. त्याला खमंग वास होता. नणंदबाई दुकानात जाऊन आल्या. आमची पाकिटं मोगऱ्याच्या अगरबत्तीला टेकून ठेवलेली होती.

एकाच बरणीला मात्र दुसरा नियम लागत नव्हता. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी घरापुरतं केलेल्या लिंबाच्या लोणच्याची ती बरणी. तिच्या सोबतच्या सगळ्या कधीच टाकल्या गेल्या. ती मागच्या कोपऱ्यात होती. मी पाहिलं होतं, बोलले नव्हते. नवरा दर वाढदिवसाला मागायचा. “ताई, एकदा चाखू दे ना.”

“तक्रार आहे का?”

“आईच्या लोणच्याबद्दल कोण तक्रार करणार?”

“मग उघडायचं कारण नाही.”

मग तक्रार आली, ती माझ्याविरुद्ध. तळमजल्यावरचे काका आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी लिंबाचं लोणचं घेणं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, “सूनबाई, वाईट नाही. पण वहिनींची चव नाही ती.” मग आणखी दोन घरांतून तेच कानावर आलं. मी त्याच प्रमाणाने, त्याच हाताने करत होते, पण नणंदबाईंनी हे माझ्यापेक्षा मनावर घेतलं. चव सरकली असेल तर आईच्या नावाने बरणी जाणार नाही, त्या म्हणाल्या. म्हणजे ज्यावर आमचं सगळं उभं राहिलं तेच बंद. मी वाद घातला नाही. मोजायचं ठरलं की मोजायचं, हे मलाही मान्य होतं. आणि मोजायला मूळ चव एकाच बरणीत होती.

रविवारी सकाळी काका, नवरा आणि मी नणंदबाईंच्या टेबलाशी बसलो. जुनं लोणचं काळपट असतं, लगेच ओळखू येतं, म्हणून डोळे मिटायला सांगितलं. त्या चमच्याने भरवत गेल्या. नवऱ्याने लहान मुलासारखा आ केला. पहिल्या चमच्याला काका खुलले. “हेच. या चवीत बोलायला जागा नाही.” दुसऱ्याला त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. “हे सूनबाईंचं. खारट आहे हो फार.” डोळे उघडले तेव्हा पहिला चमचा माझ्या बरणीतला होता.

काका ओशाळले, चहा नको म्हणाले आणि खाली गेले. नणंदबाईंनी आईच्या बरणीतलं थोडं जिभेवर ठेवलं, बराच वेळ.

“मीठ दोनदा घातलंय,” त्या म्हणाल्या.

शेवटच्या वर्षी सासूबाई गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा बघायला उठायच्या, गोळी घेतली की नाही ते विचारायच्या. मग मला आठवलं, की त्या साली लोणचं आम्ही सगळ्यांनी भात जास्त घेऊन खाल्लं होतं आणि तक्रार एकानेही केली नव्हती. हॉटेलातला चहा दोनदा परत पाठवणाऱ्या नणंदबाईंनीसुद्धा नाही. त्यांना तेव्हा कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

“तुझं पास,” त्या मला म्हणाल्या. “चालू ठेव.”

“आणि आईचं?” नवऱ्याने विचारलं.

“नापास.”

“मग आता?”

“नापास माल नष्ट करायचा असतो. तपासणाऱ्याने, स्वतःच्या हाताने.” त्यांनी झाकण घट्ट लावलं.

दोन दिवसांनी नव्या बॅचची बरणी द्यायला मी दुपारी वर गेले. त्या एकट्याच जेवत होत्या. ताटात दहीभात, शेजारी ती बरणी. मी बरणीकडे पाहिलं.

“नष्ट करतेय,” त्या म्हणाल्या आणि भात कालवत राहिल्या.

हल्ली रविवारी नवराही आपली भाताची वाटी घेऊन वर जातो, मदतीला म्हणून. त्याच्या वाट्याला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच येतं. बरणीचा तळ दिसायला लागलाय. नणंदबाईंनी हातातलं काम कधी रेंगाळू दिल्याचं मला आठवत नाही. हे एवढं एक काम मात्र त्या उरकत नाहीत.