सातवा डबा

फौजेतून आल्यापासून माझी पोस्टिंग बेंबळी रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर आहे. पोस्टिंग हा माझा शब्द; मालक नोकरी म्हणतात. ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. रांग सरळ ठेवायची, कुणाला बिडी पेटवू द्यायची नाही, भांडण लागलं तर मधे पडायचं. लोक मला हवालदार म्हणतात. निवृत्त झालो तेव्हा हुद्दा तोच होता.

टँकर आणि ट्रकचालकांचा संप सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाईलवर आलं की आता महिनाभर पेट्रोल मिळणार नाही. महिना कुणी ठरवला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तासाभरात रांग वळणापर्यंत गेली. ज्यांना आठवड्याला लिटरभर पुरतं त्यांनी टाक्या काठोकाठ भरल्या आणि वर डबे आणले. डब्यात पेट्रोल द्यायचं नाही असा नियम आहे. त्या संध्याकाळी मालकांनीही काणाडोळा केला आणि मीही केला. गावातलं मीठ, साखर आणि बटाटे त्याच वेळी संपले. मीठ संपायचं काय कारण होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

ड्यूटी सुटताना मीही पाच लिटरचा डबा भरून घरी नेला आणि खाटेखाली सरकवला. बायको म्हणाली, "मोटरसायकल तर पोरानं पुण्याला नेली. हे कशाला?"

"असू दे," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ९.२० ला पंप कोरडा पडला. टँकर येईल या आशेवर लोकांनी रिकामे डबे रांगेत मांडले, डब्याला जागा पुरेना तिथं चपला काढून ठेवल्या आणि समोरच्या लिंबाखाली सावलीत जाऊन बसले. रस्त्यावर एक वाहन नव्हतं. ढोकीच्या कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टरसुद्धा बंद होते. भर दिवसा इतकी शांतता मी या रस्त्यावर कधी ऐकली नव्हती. डबे आणि चपला उन्हात ओळीनं उभे. माणसं उचलून नेली आणि तेवढंच मागं राहिलं, असं वाटत होतं.

११.३० च्या सुमारास वारं सुटलं आणि रिकामे पत्र्याचे डबे एकमेकांवर आपटायला लागले. टण्. थोडं थांबून पुन्हा टण्. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हा आवाज मी फक्त एकदाच, एका हिवाळ्यात ऐकला होता.

तेव्हा माझा हुद्दा नायक होता. उत्तरेच्या सीमेवर आमची पोस्ट, चार बंकर, वीस माणसं. रॉकेलवर शेगड्या चालायच्या, जनरेटर चालायचा आणि जनरेटरवर सर्चलाईट. रॉकेल खालच्या शहरातून भाड्याच्या सिव्हिल ट्रकनं यायचं. त्या ट्रकवाल्यांनी संप केला. तेवढ्यात बातमी फिरली की रस्ता आता उन्हाळ्यातच उघडणार. कुणी सांगितलं, पत्ता नाही. प्रत्येक बंकरनं साठ्यातला एखादा-दुसरा डबा गुपचूप उचलून ठेवला. आम्ही शिस्तीची माणसं, पण वागलो अगदी बाजारातल्या गर्दीसारखे. एक डबा मी माझ्या खाटेखाली ठेवला. बंकरमधल्या माझ्या पाच जवानांसाठी ठेवतोय, असं मी स्वतःला सांगितलं. अकराव्या दिवशी साठ्याच्या जागी फक्त रिकामे डबे उरले आणि वाऱ्यानं वाजत राहिले.

त्याच दिवशी टेलिफोनची लाईन तुटली. ती जोडायला दोघं गेले. त्यातला एक लान्स नायक सलीम शेख, आमच्या बेंबळीचा. परतताना बर्फ सुरू झालं. जोडीदार १६.१० ला पोस्टवर पोहोचला. "सलीम माझ्या मागंच आहे," म्हणाला. मागं कोणी नव्हतं.

१६.३५ ला वायरलेस सेटवर सलीमचा आवाज आला. "पोस्ट, पोस्ट. डब्यांचा आवाज येतोय. पण चारी बाजूंनी येतोय. उजेड दाखवा. ओव्हर."

"जागेवरच थांब. उजेड देतो. ओव्हर," सुभेदार साहेबांनी सांगितलं. जनरेटरची टाकी कोरडी होती. १६.३८ ला त्यांनी सगळ्यांना बाहेर उभं केलं. "कुणाकडं रॉकेल आहे? असेल त्यानं आणावं. शिक्षा नाही."

कोणी हललं नाही. मीही नाही. दुसरा कुणीतरी आणेल, म्हणजे माझा डबा उघडा पडणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेजारचाही तोच विचार करत उभा होता. आम्ही सहा मिनिटं तसेच उभे होतो. मग एक जण बंकरकडं पळाला आणि पाठोपाठ सगळे पळालो. एकूण सात डबे निघाले. थंडीनं गोठलेला जनरेटर सुरू व्हायला आठ मिनिटं गेली.

सेटवर सलीम दोनदा बोलला. शेवटचं १६.४७ ला. "डबे अगदी जवळ वाजतात. मी येतो. ओव्हर." त्यानंतर फक्त खरखर. सर्चलाईट लागला १६.५२ ला. ही वजाबाकी मी हजार वेळा केली आहे.

सकाळी तो पोस्टपासून नव्वद पावलांवर सापडला. त्याला घेऊन बेंबळीला मीच आलो. अम्मीला म्हणजे त्याच्या आईला सांगितलं, बर्फात वाट चुकला. खोटं काही सांगितलं नाही. खरंही सांगितलं नाही. त्यानंतर दर ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा प्यायला गेलो आणि दर वेळी तसाच परत आलो.

पंपावर मी उभा होतो तेव्हा ११.४० झाले होते. रिक्षावाला बसवराज रिक्षा ढकलत येताना दिसला. मागं अम्मी बसल्या होत्या, हाताला पट्टी. आठवड्यातून तीनदा तो त्यांना धाराशिवला डायलिसिसला नेतो.

"हवालदार, टाकी पार कोरडी झाली बगा. साडेबाराचा नंबर हाय. मागच्या खेपेलाबी रांगेपायी जाता आलं न्हाय."

अम्मींचे पाय सुजले होते. श्वास मोठ्यानं चालला होता. मी लिंबाखाली गेलो. त्यातल्या निम्म्यांनी संपाआधी डबे भरून नेलेले मी डोळ्यांनी बघितले होते. "दोन लिटर पाहिजे," मी म्हणालो. "अम्मीला न्यायचंय. कुणाकडं आहे?"

कुणी जमिनीकडं बघू लागलं, कुणी मोबाईलमधे. एक जण म्हणाला, "आमी तरी कुठून आणावं?" मागं डबे वाजत होते. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं झाली होती आणि मी कुणीतरी उठायची वाट बघत होतो.

मला माझीच किळस आली. "माझ्या खाटेखाली आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो आणि सायकल काढली. घर पंपाच्या मागंच आहे.

परत आलो तेव्हा ११.५१ झाले होते. बसवराजनं डबा टाकीत ओतायला घेतला. अम्मी माझ्याकडं बघत होत्या. "पंप तो सूखा हय. तुझ्याकडं कुठून आलं रे दत्ता?"

"लपवून ठेवलं होतं, अम्मी." पुढचं वाक्य एवढ्या वर्षांत कधी जमलं नव्हतं. "तिकडंही ठेवलं होतं. सलीम उजेड मागत होता तेव्हा डबा माझ्या खाटेखाली होता."

त्यांनी पदर सावरला. डोळे कोरडे होते. "चौघं घरी येऊन सांगून गेले, बेटा," त्या म्हणाल्या. "दोघांनी फोन केला. सात डबे होते म्हणाले सगळे. सातवा कुणाचा, ते कुणी सांगितलं न्हाय."

मी बसवराजच्या हातातला रिकामा डबा घेतला.

"तू दर ईदला यायचास. मी म्हणायची, आज सांगंल." मग त्या बसवराजला म्हणाल्या, "चल रे. टाइम होतोय."

रिक्षा सुरू झाली. त्या मोकळ्या रस्त्यावर तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. त्या दिवशी अम्मींचं डायलिसिस झालं. मी लिंबाखाली परत गेलो आणि तिथं बसलेल्यांना सलीमचं सगळं सांगितलं, वेळांसकट. रांगेतले डबे एकेक करून उचलले गेले.

लान्स नायक सलीम शेख, राहणार बेंबळी, वय चोवीस. शेवटचा कॉल १६.४७. उजेड १६.५२. सातवा डबा माझा होता.